नवल आणि त्यामागील कारण

जगांत नवलांची उणीव कधींच नव्हती. प्रवासाचीं साधनें तुटपुंजीं होतीं त्या काळीं दूर देशाहून परतलेल्या प्रवाशाभोंवतीं सारें गांव जमे व तो सांगेल तें डोळे विस्फारून ऐके. आज घरबसल्या हातांतल्या यंत्रावर क्षणांत शेंकडों नवलें दिसतात. परंतु पाहणाराची वृत्ति पुष्कळदां तीच राहिली आहे. "काय हें आश्चर्य!" असें म्हणून आपण पुढच्या नवलाकडे वळतों. आमच्या मतें नवलाची खरी गोडी येथें संपत नाहीं. ती येथून सुरू होते.

नवल पाहून थांबणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिले, "ही तर कांहींतरी अद्भुत करणी!" असें म्हणतात व थांबतात. दुसरे, "हें सारें थोतांड!" असें म्हणून हंसतात व तेहि थांबतात. दोघांची वृत्ति दिसावयास भिन्न. पण फळ एकच, तें हें कीं कारणाचा शोध होत नाहीं. तिसरा प्रकार विरळा. तो मनुष्य विचारतो, "हें खरोखर घडतें काय? घडत असल्यास कसें? आणि तें मला कशावरून कळेल?" अशा मनुष्यांनीं जगाच्या निरनिराळ्या भागांतील पांच नवलांचा मागोवा कसा घेतला, तें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. यांपैकीं कांहीं नवलें नुसतीं मौजेचीं आहेत. परंतु एकाचें कारण कळण्यावर सहस्रावधि लोकांचे प्राण अवलंबून होते, आणि शेवटचें तर आपल्याच महाराष्ट्रांत आहे.

१. चालणारे दगड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कॅलिफोर्निया प्रांतीं, 'डेथ व्हॅली' म्हणजे 'मृत्यूची दरी' या नांवाचा अत्यंत रुक्ष प्रदेश आहे. तेथें डोंगरांच्या कुशींत एक कोरडें तळें आहे. त्यास 'रेसट्रॅक प्लाया' असें म्हणतात. त्याची लांबी सुमारें साडेचार किलोमीटर व रुंदी सुमारें दोन किलोमीटर आहे. तळ इतका सपाट कीं जणूं कोणीं फरशीच बसविली आहे. या फरशीवर ठिकठिकाणीं दगड पडलेले असून त्यांतील कित्येकांच्या मागें वाळलेल्या चिखलांत उमटलेली लांबच लांब रेघ दिसते. कांहीं रेघा सरळ, कांहीं वांकड्या, तर कांहीं मध्येंच काटकोनांत वळलेल्या आहेत. दगड कोणीं ढकलले म्हणावें तर पाऊल उमटलेलें नाहीं. जनावरांनीं ओढले म्हणावें तर खुरांचा मागमूस नाहीं. यांतील कांहीं दगड मुठीएवढे आहेत, तर कांहीं शेंकडों किलो वजनाचे आहेत.

सन १९४८ मध्यें मॅकॲलिस्टर व ॲग्न्यू या दोन भूशास्त्रज्ञांनीं या रेघांची नोंद करून वावटळीमुळें दगड सरकत असावेत असा तर्क प्रसिद्ध केला. सन १९५५ मध्यें जॉर्ज स्टॅन्ले यांनीं बर्फाच्या थरांकडे बोट दाखविलें. सन १९७२ पासून शार्प व केरी या दोघांनीं तीस दगड निवडले, त्यांस नांवें दिलीं, त्यांच्या जागीं खुणेच्या खुंट्या ठोकल्या व कित्येक वर्षें ते फिरून फिरून तेथें जाऊन मोजमाप घेत राहिले. दगड हलले हें त्यांस दिसलें. पण हलतांना मात्र एकहि दगड कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं.

अखेर सन २०११ मध्यें रिचर्ड नॉरिस व जेम्स नॉरिस या चुलतबंधूंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळी युक्ति योजिली. तेथील दगडांस भोंकें पाडण्याची परवानगी नसल्यामुळें त्यांनीं बाहेरून पंधरा दगड आणिले, त्यांत उपग्रहांच्या साह्यानें स्थान दाखविणारीं यंत्रें बसविलीं, आणि जवळच वाऱ्याचा वेग मोजणारें यंत्र उभारलें. मग वाट पाहण्यावांचून दुसरें काम उरलें नाहीं. दोन वर्षें लोटलीं. सन १९४८ पासून ज्या क्षणाची वाट विद्वान् पाहत होते, तो सन २०१३ च्या डिसेंबरांत आला. त्या वेळीं तळ्यांत जेमतेम सात सेंटिमीटर खोल पाणी सांचलें होतें. रात्रींच्या थंडीनें त्यावर खिडकीच्या कांचेसारखा तीन ते सहा मिलिमीटर जाडीचा बर्फ धरला होता. दुपारच्या सुमारास उन्हानें तो बर्फ तडकला, त्याचे मोठमोठे पत्रे झाले, व मंद वाऱ्यानें ते पाण्यावर तरंगत सरकूं लागले. वाटेंत जो दगड आला त्यास ते मागून रेटूं लागले, व खालच्या निसरड्या चिखलावरून दगड निघाला! त्याची गति मिनिटाला दोन ते पांच मीटर. म्हणजे रांगणाऱ्या बालकापेक्षांहि मंद. २० डिसेंबर या एकाच दिवशीं साठांहून अधिक दगड हलले.

आतां पूर्वीं तें कोणास कां दिसलें नाहीं, याचा उलगडा होतो. वाळवंटांत पाऊस विरळा. पावसानंतर कडक थंडी पडावी हें त्याहून विरळें. आणि त्याच वेळीं वारा सुटावा हें सर्वांत विरळें. या तीन गोष्टींचा मेळ बसला म्हणजेच दगड चालतो. बर्फ वितळून पाणी आटलें कीं साक्षीदार नाहींसे होतात. उरते ती केवळ रेघ.

२. रक्तवर्णाचा धबधबा

दक्षिण ध्रुवाच्या खंडांत व्हिक्टोरिया लँड नांवाचा प्रदेश आहे. तेथें 'टेलर' नांवाच्या हिमनदीच्या शुभ्र तोंडांतून तांबडें भडक पाणी ओघळतांना दिसतें. पाहणारास वाटावें कीं बर्फाच्या राक्षसास कोणीं घायाळ केलें आहे. हें दृश्य सन १९११ मध्यें ग्रिफिथ टेलर या भूशास्त्रज्ञानें प्रथम नोंदिलें. कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेंत तो सामील झाला होता. तांबडा रंग पाहून त्यास वाटलें कीं पाण्यांत तांबड्या रंगाचें शेवाळ असावें. तर्क वावगा नव्हता. बर्फावर वाढणारें तांबडें शेवाळ जगांत अन्यत्र आढळतें. पुढील तपासानें मात्र तो चुकीचा ठरला.

खरा प्रकार असा आहे. या हिमनदीच्या पोटांत अत्यंत खारट पाण्याचा सांठा लक्षावधि वर्षें कोंडून राहिला आहे. मिठामुळें पाणी गोठण्याची मर्यादा खालीं जाते, म्हणून एवढ्या थंडींतहि हें पाणी पातळ राहतें. खालच्या खडकांतील लोह त्यांत विरघळलेलें आहे. आंत प्राणवायु जवळजवळ नाहीं, म्हणून तें पाणी आंत असेपर्यंत तांबडें दिसत नाहीं. परंतु फटींतून बाहेर पडून त्यास हवा लागली कीं लोहाचा गंज होतो, आणि आपल्या घरच्या जुन्या खिळ्यास जो रंग येतो, तोच रंग त्या पाण्यास येतो.

पण खरें नवल याहि पलीकडचें आहे. या पाण्याच्या परीक्षेंत जिवंत सूक्ष्म जंतु आढळले. जेथें सूर्याचा एक किरण पोंचत नाहीं, तेथें हे जंतु पाण्यांतील लोह व गंधकाचे क्षार यांवर उपजीविका करितात. सन २००९ मध्यें हें संशोधन प्रसिद्ध झालें, तेव्हां इतर ग्रहांवरील बर्फाखालीं असें कांहीं असूं शकेल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें नव्या जोमानें उभा राहिला. म्हणजे एका नवलाचें कारण सांपडलें असतां नवल नाहींसें झालें नाहीं. उलट त्याच्या पोटीं दुसरें अधिक मोठें नवल जन्मास आलें.

३. गणित करणारा घोडा

आतां निसर्गाकडून मनुष्याकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनीची राजधानी बर्लिन येथें विल्हेल्म फॉन ऑस्टेन नांवाचे एक वृद्ध शिक्षक राहत. त्यांनीं आपल्या 'हान्स' नांवाच्या घोड्यास चार वर्षें मोठ्या चिकाटीनें, एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणें, शिकविलें होतें. बेरीज सांगा, भागाकार सांगा, आजची तारीख विचारा. हान्स पुढचा पाय जमिनीवर तितक्या वेळां आपटून बरोबर उत्तर देई. फॉन ऑस्टेन या प्रयोगांसाठीं एक पैहि घेत नसत. देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत हान्सची कीर्ति पसरली.

सन १९०४ मध्यें मानसशास्त्रज्ञ कार्ल स्टुम्फ यांच्या पुढारपणाखालीं परीक्षकमंडळ नेमलें गेलें. त्यांत प्राणिशास्त्रज्ञ होते, शिक्षक होते, सर्कशीचा चालकहि होता. या मंडळानें कसून तपासणी केली व यांत कोणतीहि लबाडी नाहीं असा निर्वाळा दिला. तो निर्वाळा खराच होता! लबाडी नव्हतीच. पण लबाडी नाहीं एवढ्यावरून घोड्यास गणित येतें असें सिद्ध होतें काय?

हा प्रश्न स्टुम्फ यांचे साहाय्यक ऑस्कर फुंग्स्ट यांनीं हातीं घेतला. त्यांनीं प्रयोगाची अगदीं साधी, पण मार्मिक मांडणी केली. एका वेळीं प्रश्न विचारणारास उत्तर ठाऊक असे. दुसऱ्या वेळीं नसे. उत्तर ठाऊक असलेल्या मनुष्यानें विचारलें कीं हान्स बहुधा बरोबर सांगे. उत्तर ठाऊक नसलेल्यानें विचारलें कीं हान्सची विद्या जणूं नाहींशी होई. डोळ्यांस ढापणें बांधून प्रश्न करणारा दिसेनासा केला, तरीहि तीच गत. मग फुंग्स्ट यांनीं घोड्याकडे पाहण्याचें सोडून प्रश्न विचारणाराकडे पाहण्यास आरंभ केला, तेव्हां रहस्य उलगडलें. प्रश्न विचारून मनुष्य घोड्याच्या पायाकडे पाहण्यासाठीं किंचित् वांकतो. इष्ट आंकडा आला कीं त्याच्या नकळत त्याचें मस्तक केसभर वर उचललें जातें. हान्स गणित करीत नव्हता. तो माणसाचें मस्तक वाचीत होता! मौज अशी कीं हें ठाऊक झाल्यावरहि फुंग्स्ट यांस स्वतःस ती सूक्ष्म हालचाल आवरणें अवघड गेलें.

हें संशोधन सन १९०७ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि त्याचा उपयोग आजहि होत आहे. एखादें नवें औषध रोग्यास दिल्यावर गुण आला किंवा नाहीं हें ठरवितांना, कोणास खरें औषध दिलें व कोणास नुसती साखरेची गोळी दिली, हें रोग्यास व वैद्यास दोघांसहि कळूं न देण्याचा प्रघात आहे. यामागील धोरण तेंच: पाहणाराची इच्छा निकालांत शिरूं नये. विद्यार्थ्यांनीं यांतून हेंहि ध्यानीं धरावें कीं फॉन ऑस्टेन प्रामाणिक होते. प्रामाणिक मनुष्य सांगतो म्हणून गोष्ट खरी ठरत नाहीं, आणि गोष्ट खोटी ठरली म्हणून सांगणारा लबाड ठरत नाहीं.

४. प्राण घेणारें सरोवर

आफ्रिकेच्या पश्चिम भागांत कॅमेरून नांवाचा देश आहे. त्याच्या वायव्येस डोंगराळ मुलखांत न्यॉस नांवाचें सरोवर एका जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यांत वसलें आहे. त्याची खोली दोनशें मीटरांहून अधिक. पाणी निळें, कांठीं हिरवीं कुरणें, उतारावर गुराख्यांचीं व शेतकऱ्यांचीं घरें. दिनांक २१ ऑगस्ट १९८६ या दिवशीं रात्रीं नऊच्या सुमारास या सरोवरांतून एकाएकीं मोठा ध्वनि झाला. त्यानंतर दऱ्याखोऱ्यांतून एक अदृश्य लोट खालीं उतरला, आणि सुमारें पंचवीस किलोमीटरांपर्यंतच्या वस्त्यांत माणसें जेथें होतीं तेथेंच कोसळलीं. कोणी चुलीपाशीं, कोणी अंथरुणांत, कोणी उंबरठ्यावर. सुमारें १,७०० माणसें व सुमारें ३,५०० गुरें एका रात्रींत प्राणांस मुकलीं. घरें जशींच्या तशीं उभीं होतीं. जे थोडे वांचले त्यांतील कित्येक पुष्कळ तासांनीं शुद्धीवर आले, तों भोंवतालीं सर्वत्र निःशब्द.

हें कशानें घडलें? अफवांस ऊत आला. कोणी शाप म्हणालें, कोणी परकीयांनीं गुप्त अस्त्र वापरलें असें म्हणालें. देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथें धांवले व प्राण घेणारा पदार्थ कार्बन डाय-ऑक्साइड वायु होय, याविषयीं लवकरच बहुतेकांचें एकमत झालें. हा वायु हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें तो पाण्यासारखा सखल जागीं उतरतो व श्वासोच्छ्वासाची हवा दूर सारतो. परंतु तो आला कोठून, यावर मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणे, ज्वालामुखी जागा झाला व त्यानें हा वायु ओकला. दुसरा पक्ष म्हणे, ज्वालामुखी स्वस्थ आहे. जमिनीखालून झिरपणारा वायु वर्षानुवर्षें सरोवराच्या तळच्या पाण्यांत सांचत गेला व त्या रात्रीं तो एकदम बाहेर पडला.

वाचकहो, हा केवळ विद्वानांचा वाद नव्हता. पहिला पक्ष खरा असता तर पळून जाण्यावांचून दुसरा उपाय नव्हता. ज्वालामुखीस कोण आवरणार? दुसरा पक्ष खरा असल्यास मात्र धोका पुन्हां सांचत होता, पण तो हातानें दूर करणें शक्य होतें. म्हणून योग्य कारण सांपडणें हा त्या डोंगरांतील लोकांचा जीवनमरणाचा प्रश्न होता.

पुरावा दुसऱ्या पक्षाच्या बाजूचा निघाला. ज्वालामुखी जागा झाला असता तर तळचें पाणी तापलें असतें. तसें तें तापलेलें नव्हतें. शिवाय तळच्या पाण्यांत वायूचा मोठा सांठा अद्यापि होता, व तो हळूहळू वाढत होता. यांतील नियम आपल्या परिचयाचा आहे. सोड्याच्या बाटलींत दाब असेपर्यंत वायु पाण्यांत विरघळून राहतो. बूच निघून दाब कमी होतांच फसफसून वर येतो. न्यॉसच्या तळाशीं वरच्या पाण्याच्या भारामुळें दाब पृष्ठभागावरील दाबाच्या वीसपटींहून अधिक असतो. थंड देशांतील सरोवरांत ऋतुमानानुसार वरचें पाणी थंड व जड होऊन खालीं जातें व सगळें पाणी ढवळलें जातें. त्यामुळें वायु थोडाथोडा निघून जातो. न्यॉसच्या उष्ण प्रदेशांत तसें ढवळणें होत नाहीं. तळचें पाणी तळींच राहिलें व वायूनें भरत गेलें. मग कांहीं निमित्तानें थोडें पाणी वर उचललें गेलें, दाब कमी झाला, बुडबुडे निघाले, बुडबुड्यांनीं आणखी पाणी वर ओढलें, आणि पाहतां पाहतां साऱ्या सरोवराचें बूच उडालें. दोन वर्षांपूर्वीं, सन १९८४ च्या ऑगस्टांत, त्याच देशांतील मोनून सरोवराच्या कांठीं ३७ माणसें अशीच दगावलीं होतीं. त्याचाहि उलगडा यावरून झाला.

उपायहि त्याच नियमांतून निघाला. तळापर्यंत एक लांब नळ सोडावयाचा व प्रथम पंपानें थोडें पाणी वर खेंचावयाचें. पाणी वर येऊं लागलें कीं त्यांतील वायु फुगतो व मागचें पाणी आपोआप वर ढकलतो. पुढें पंपाची गरज राहत नाहीं. ज्या शक्तीनें गांवें मारलीं तिच्याकडूनच तिचा नायनाट करवावयाचा, अशी ही युक्ति. सन २००१ मध्यें असा कायमचा नळ बसविण्यांत आला, तेव्हां सरोवराच्या मध्यभागीं सुमारें पन्नास मीटर उंच कारंजें उडालें. सन २०११ मध्यें आणखी दोन नळांची भर पडली, व सांचलेल्या वायूचा मोठा भाग निघून गेला. पूर्व आफ्रिकेंतील विशाल किवू सरोवरांतहि असे वायु सांचलेले आहेत. त्यांतील मिथेन वायु काढून रवांडा देशांत वीज उत्पन्न करितात.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. युजेनिया शँक्लिन या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीनें त्या प्रदेशांतील जुन्या कथा गोळा केल्या. सरोवरें चढतात, खालावतात, जागा बदलतात, फुटतात व माणसें मारतात, अशा कथा तेथें पूर्वींपासून चालत आलेल्या होत्या. कथांत सांगितलेलें कारण शास्त्रीय नसेल. पण त्यांत एखाद्या जुन्या दुर्घटनेची स्मृति असूं शकते. म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी हंसण्यावारीं नेऊं नयेत. त्या नीट ऐकाव्या, लिहून ठेवाव्या, व मग तपासाव्या.

५. आपलें लोणार

आतां घराकडे परतूं. बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें काळ्या पाषाणाच्या पठारांत जवळजवळ वाटोळा असा प्रचंड खळगा आहे. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे व तळाशीं खारट सरोवर आहे. लवणासुर नांवाच्या दैत्याचा येथें वध झाला अशी कथा त्या भागांत सांगतात, व गांवांतील दैत्यसूदनाचें प्राचीन देवालय या कथेशीं निगडित आहे. दख्खनचें सारें पठार सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसानें बनलेलें असल्यामुळें हा खळगाहि ज्वालामुखीचा असावा, असें पुष्कळ विद्वानांस वाटे. तर्क सरळ होता. परंतु सन १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें निराळीच दिशा दाखविली. खळग्यांतील दगडांत असे कांचमय कण सांपडले कीं जे ज्वालामुखीच्या उष्णतेनें बनत नाहींत. अति प्रचंड धडक बसली तरच बनतात. म्हणजे हा खळगा आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें झाला. तो केव्हां झाला, याचें उत्तर एका पद्धतीनें सुमारें पन्नास हजार वर्षें, तर दुसऱ्या पद्धतीनें सुमारें पांच लाख सत्तर हजार वर्षें असें येतें. शास्त्रांत असे मतभेद असतात, व ते उघडपणें मांडले जातात, हेंच त्याचें बळ होय.

सन २०२० च्या जून महिन्यांत या सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. लोकांची रीघ लागली व तर्कांस सीमा राहिली नाहीं. पुणें येथील आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याची परीक्षा केली. उन्हाळ्यानें पाणी आटून मिठाचें प्रमाण वाढलें होतें. अशा खारट पाण्यांत वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य धारण करणारे सूक्ष्म जीव त्यांत विपुल झाले होते. ते जीव तळाशीं बसले कीं पाणी पुन्हां स्वच्छ दिसूं लागे.

येथें क्षणभर थांबून ध्रुवाकडील धबधबा आठवावा. तेथें तांबडा रंग जीवांचा असेल असें वाटलें, तो लोहाचा निघाला. लोणारास रंग खरोखरीच जीवांचा निघाला. दुर्घटनेनंतर न्यॉस सरोवराचें निळें पाणीहि तांबूस झालें होतें. तेथें तळचें लोह वर येऊन गंजलें होतें. रंग एक, पण कारणें दोन. एका ठिकाणचें उत्तर दुसऱ्या ठिकाणीं उचलून लावणारा मनुष्य फसतो. प्रत्येक ठिकाणचें पाणी नव्यानें तपासावें लागतें.

उपसंहार

या पांच कथांवरून विद्यार्थ्यांनीं चार गोष्टी मनाशीं बाळगाव्या. पहिली, प्रथम गोष्ट घडते कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी, मग कारण शोधावें. दुसरी, पहिला सुचलेला तर्क आवडला तरी त्यास परीक्षेस बसवावें; वावटळ, शेवाळ, हुशार घोडा व ज्वालामुखी हे सारे पहिलेच तर्क होते. तिसरी, धीर धरावा. दगडांचें उत्तर मिळण्यास पासष्ट वर्षें लागलीं. चौथी, आपल्या इच्छेस निकालापासून दूर ठेवावें, कारण ती नकळत मस्तक हलविते.

पालकांसहि आमची एक विनंती आहे. मूल "असें कां?" म्हणून विचारील तेव्हां "गप्प बैस" म्हणूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर "चल, आपण दोघे मिळून पाहूं" एवढें म्हटलें तरी पुरे. आपल्याकडे जुन्या, बंद विहिरींत उतरण्यापूर्वीं दिवा सोडून पाहण्याची चाल होती. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. ज्यानें ही चाल पाडली त्यास वायूचें नांव ठाऊक नसेल, पण 'कां' विचारण्याची संवय त्यास खचित होती. मात्र दिवा विझला नाहीं म्हणून सर्वच विषारी वायूंची भीति टळते असें नाहीं. म्हणून योग्य साधनें व जाणतीं माणसें यांवांचून अशा विहिरींत कोणींहि उतरूं नये.

अभ्यासासाठीं

१. सोड्याच्या दोन बाटल्या घ्या. एक न हलवितां सावकाश उघडा. दुसरी थोडी हलवून अंगणांत उघडा. दोन्हींत काय भेद दिसतो, तो लिहा व न्यॉस सरोवराशीं त्याचा संबंध जोडा.

२. एक लोखंडी खिळा साध्या पाण्यांत, दुसरा मिठाच्या पाण्यांत ठेवून आठ दिवस रोज पाहा. रंग केव्हां व कोठें प्रथम दिसतो, त्याची नोंद ठेवा.

३. "आमच्या कुत्र्यास माणसाची भाषा समजते" असें कोणी म्हटल्यास, फुंग्स्ट यांची रीति वापरून तें कसें तपासाल? प्रयोगाची मांडणी लिहा.

४. आपल्या गांवांतील एक नवल घरांतील वडील मंडळींस विचारून लिहून आणा. त्यापुढें दोन निरनिराळीं कारणें मांडा, आणि त्यांतील खरें कोणतें हें कशावरून ठरेल, तें सांगा.

यांतील चौथा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तिहींचीं उत्तरें वर्गांत सांपडतील. चौथ्याचें कदाचित् अजून कोणासच ठाऊक नसेल, व तें प्रथम शोधण्याचा मान तुमच्यापैकींच एखाद्यास मिळेल.